जैतुनबीची गादी

गेल्या बाजारच्या दिवशी मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर दोन पोरांची हुज्जत चालली होती. एकाने दुसऱ्याला जुनी बॅटरी नवी म्हणून दिली होती. फसलेला पोरगा म्हणाला, "तू तर जैतुनबीची गादीच देल्ली बे मले." आजूबाजूचे हसले. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "जैतुनबी कोण, माहीत आहे का?"

"मले काय माईत, गुरुजी. सारेच म्हंतेत."

जैतुनबी मागच्या महिन्यात शेगावला वारली. माझ्या पुतणीने, वंदनाने, फोनवर सांगितलं. माणूस मातीत गेलं, आणि नाव मात्र आमच्या गावात अशा रीतीने उरलं. ते नाव असं उरायला मी कारण आहे. जैतुनबीने कुणाला फसवलं नाही. खोटं मी बोललो होतो. मी या गावात शाळेवर होतो, माझ्या शब्दाला वजन होतं, आणि ते सगळं वजन मी त्या बाईच्या अंगावर टाकलं. म्हणून ती कोण होती ते आधी सांगतो.

जैतुनबी पिंजारीण. राहायची डोणगावला. दसरा सरला की आसपासच्या गावांत फिरून गाद्या-उशा भरायची. नवरा पिंजारी होता, तो तरुणपणीच गेला. त्याची कापूस पिंजायची धनुकी तिने खांद्यावर घेतली. बाईमाणसाने धनुकी धरलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती. तिच्या जातवाल्यांनाही ते रुचलं नव्हतं म्हणतात. ती धनुकी तिच्याहून उंच होती. वाऱ्यावर तिची ताणलेली तात हुंकारायची, त्यामुळे जैतुनबी दिसायच्या आधी ऐकू यायची. रस्त्यावर माणूस नाही, आणि कानात बारीक गुणगुण. कुत्री तिच्यावर भुंकत नसत. ती यायची त्या दिशेला तोंड करून बसून राहत.

अंगाने उंच, वाळलेली. हंगामात तिच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या असत, कापसाच्या तंतूंनी. तिशीतली बाई, पण चेहरा शंभर वर्षांचा वाटे. संध्याकाळी विहिरीवर तोंड धुतलं की खालून तरुण चेहरा निघायचा. माझ्या वर्गातली मुलं तो बघायला मुद्दाम जात आणि घाबरून परत येत. काम झालं की ती कमरेच्या डबीतला गुळाचा खडा तोंडात टाकायची. घशात गेलेला कापूस त्याने उतरतो म्हणायची. स्वतः भरलेल्या गादीवर ती कधी बसली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणे, "नको बाई. ज्याची नीज त्याले."

तिची एक रीत होती. जुनी गादी पिंजायला आली की तिची शिवण उसवण्याआधी ती विचारायची, "कोन झोपत होतं यावर?"

उत्तर मिळाल्याशिवाय ती कात्री लावत नसे. खोळ उघडली की कापसावर कान टेकवायची, थोडा वेळ. मग बिस्मिल्ला म्हणून धनुकी टांगायची. मेलेल्या माणसाची गादी असेल तर तो कापूस पिंजून द्यायची, पण त्याचं अंथरूण करून देत नसे. तो बैलांच्या झुलीत भरून द्यायची. विचारलं तर म्हणे, "जनावराले त्याचं भेव नसते. मानसाले असते. कापूस काही इसरत नाही."

हे ऐकायला गंमत वाटायची. एकदा आमच्या गावच्या पोलीस पाटलांच्या बायकोने गादी काढली. ओट्यावर चार-पाच बाया बसल्या होत्या. जैतुनबीने विचारलं, कोण झोपत होतं. पाटलीणबाई ठसक्यात म्हणाल्या, "कोन म्हंजे काय? आमी दोघं."

जैतुनबीने कान टेकवला, मग हात फिरवला. "पाटलीनबाई, कापूस त एकाच अंगानं दबला हाय. मालक कुठं झोपते?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पाटलीणबाई लाल झाल्या आणि शेवटी त्याही हसल्या. "खाटेवर झोपते मेला. घोरते."

"मंग तसं सांगा ना. मले काय करायचं हाय. मानसाचं सांगनं पयले, कापसाचं मंग."

हे वाक्य तिच्या तोंडी नेहमी असे. कापूस काही म्हणो, मालकाने सांगितलेलं ती खरं धरायची. लोकांच्या घरच्या गाद्या उघडून बघणाऱ्या बाईला असं राहावंच लागत असणार. नाहीतर तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

पण सगळंच गमतीचं नव्हतं. आमच्या गल्लीत कौसल्याबाई म्हणून एक विधवा होत्या. त्यांचा मुलगा भांडून सुरतेला निघून गेला होता, पत्र नाही, निरोप नाही. त्याची गादी त्यांनी गुंडाळून ठेवली होती. एका वर्षी त्यांनी ती पिंजायला काढली.

"कोन झोपत होतं?"

"माहा पोरगा. जित्ता हाय."

जैतुनबीने खोळ उघडली, कान टेकवला. नेहमीपेक्षा बराच वेळ. मग उघडलेली बाजू परत टाचून टाकली. "राहू दे माय. औंदा नाही करत."

"काऊन? काय झालं?"

"काही नाही झालं. अजून ठरलं नाही."

काय ठरलं नाही, ते तिने सांगितलं नाही. कौसल्याबाई त्या वर्षी जेवणावरून उठून दारात येऊन उभ्या राहत. पुढच्या हंगामात जैतुनबी आली ती न बोलावता त्यांच्याच दारात. तीच गादी तिने मागून घेतली, कान टेकवला, आणि लगेच धनुकी टांगली. दिवसभर पिंजत होती. चांगली फुगीर गादी भरून दिली, मजुरी घेतली, गूळ खाल्ला, गेली. संक्रांतीच्या सुमारास मुलगा परत आला. हाडांचा सापळा झाला होता. आदल्या वर्षी तो तिकडे दवाखान्यात बेशुद्ध पडून होता, असं त्यानेच सांगितलं. गावाने हा योगायोग म्हटला. मीही म्हटला. त्या दिवसापासून मात्र मी जैतुनबीच्या नजरेला नजर द्यायचं टाळत असे.

मग बीटी आलं. त्याआधी संकरित वाण होतेच, तरी प्रत्येकाच्या वावरात धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला देशी कापसाच्या दोनचार ओळी असत. घरच्या गाद्यांसाठी. देशी कापूस आखूड आणि खरबरीत, दाबला तरी परत उसळून येतो. गादीला तोच लागतो. बीटीनंतर त्या ओळीही गेल्या. एक ओळही रिकामी ठेवणं कुणाला परवडेना. बोंडअळी लागत नाही म्हणून लोकांनी धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत तेच लावलं, आणि मग मावा-तुडतुड्यांसाठी फवारे सुरू झाले. दोन वर्षं पीक बरं आलं. नंतरची वर्षं आठवू नयेत अशी होती. गावात एकाच हंगामात इतकी अंथरुणं नाल्यावर टाकली गेली की गुरं त्या वाटेने जायला बिचकू लागली. मेलेल्याचं अंथरूण नाल्यावर टाकायचं, ही आमच्याकडची रीत.

जैतुनबीला मी विचारलं होतं, नवा कापूस कसा आहे. शाळेच्या मागच्या निंबाखाली ती बीटीचा कापूस पिंजत होती आणि तो तातीला गुंडाळत होता.

"मुका हाय, गुरुजी."

"म्हणजे?"

"काही बोलतच नाही. यावर कोनी जन्मभर झोपलं तरी याले याद राहनार नाही." तिने तातीवरचा गुंता बोटाने सोडवला. "काही लोकायसाठी बरंच हाय म्हना."

आता माझ्या भावाचं सांगायला हवं. शंकरदादा माझ्यापेक्षा मोठा. शेती तो बघायचा. त्याची मुलगी वंदना लहान असतानाच वहिनी गेल्या, त्यामुळे दादा, वंदना आणि आम्ही एकाच घरात. त्या वर्षी कपाशी माणसापेक्षा उंच झाली होती. दादा दिवसभर त्यात शिरून फवारत होता. घरी आला तो औषधाने भिजलेला. अंग न धुता, कपडे न बदलता गादीवर आडवा झाला. मग खोकला सुरू झाला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. तो त्या गादीवरच गेला. त्याचं पांघरूण मी नाल्यावर टाकलं. गादी टाकली नाही. चांगली भरलेली देशी कापसाची गादी, जीव झाला नाही. खोळ बायकोने धुतली, गादी माळ्यावर ठेवली. कुणाला काही कळलं नाही.

तीन-चार वर्षांनी वंदनाचं लग्न ठरलं. सोनाळ्याचं घर, माणसं चांगली. मुलाच्या आजीने एकच गोष्ट मागितली. "बाकी काही नको. गादी तेवढी देशी कापसाची पाह्यजे. ह्या नव्या कापसाच्या गाद्यायनं माही पाठ गेली." मी हो म्हटलं. मग शोधायला लागलो तर मूठभर देशी कापूस मिळेना. आमच्या गावात नाही, डोणगावात नाही, मेहकरात व्यापारी हसले. देशी कापूस आता फक्त जुन्या गाद्यांमध्ये उरला होता. बायकोने माळ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

पुढे मी स्वतःला कधीकधी सांगितलं की पोरीला बापाची आठवण म्हणून तो कापूस द्यावा असं माझ्या मनात आलं. ते खरं नाही. मला दिलेला शब्द पाळायचा होता, एवढंच.

जैतुनबी अंगणात बसली. गादी पुढ्यात घेतली.

"कोन झोपत होतं, गुरुजी?"

"कुणी नाही. पाहुण्यांसाठी होती. माळ्यावरच असते."

तिने शिवण उसवली. कान टेकवला. मग डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं. पापण्या अजून पांढऱ्या झालेल्या नव्हत्या, तिचा खरा चेहरा मला दिसत होता.

"गुरुजी, पुन्हा एकदा इचारतो. कोन झोपत होतं?"

"सांगितलं ना. पाहुणे."

"बरं."

तिने धनुकी टांगली. मी शाळेत निघून गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा गादी तयार होती, लाल फुलांच्या खोळीची, सुरेख. टाके एका ओळीत. जैतुनबी ओट्याच्या टोकाला बसून गूळ खात होती. एकामागून एक खडे खात होती. घसा काही साफ होत नव्हता. निघताना ती मजुरीबद्दल काहीच बोलली नाही. बायकोने पदरात बांधून दिली.

लग्न झालं, गादी कोऱ्या कापसाची म्हणून मी सोबत पाठवली. महिन्याभरात सोनाळ्याहून जीप आली. जीपमध्ये वंदना, तिचे सासू-सासरे, आणि टपावर ती गादी. वंदना उतरली ती मला ओळखू येईना. डोळे आत गेलेले. ती म्हणाली, गादीखाली कुणीतरी माणूस आहे. पाठ टेकली की तो खोकतो. नवऱ्याने तिच्या जागी झोपून पाहिलं, त्याला काही ऐकू आलं नाही. खाट बदलली, खोली बदलली, तरी तेच. शेवटी सासूने कोपरा उसवून पाहिला, आतला कापूस पिवळा, जुना. तुम्ही तर कोरा कापूस म्हणाला होता, असं ते मला म्हणाले. ते रागावलेले नव्हते. त्यांना भीती वाटत होती.

गावात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. जैतुनबी त्या दिवशी गावातच होती. तिला ग्रामपंचायतीसमोर बोलावलं. गादी मधे ठेवलेली, चहूकडून माणसं. एकजण म्हणाला, "नवा कापूस ठेवून घेतला अन् मुर्द्याचा भरला काय वं?" दुसरा म्हणाला, नाल्यावरच्या गाद्या ही उचलून नेते, मी पाहिलं आहे. त्याने काहीही पाहिलेलं नव्हतं. तिचं नाव जैतुनबी होतं, हेही काहींच्या सोयीचं पडलं.

तिने धनुकी खाली टेकवली. म्हणाली, "मी इचारलं होतं. दोन खेपा. गुरुजीले इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वंदनाच्या सासऱ्यांनीही. वंदना जीपच्या दाराला धरून उभी होती. मी म्हणालो, "मी कोरा कापूस दिला होता."

जैतुनबी एवढंच म्हणाली, "बरं." ज्या आवाजात माझ्या अंगणात म्हणाली होती त्याच आवाजात. मग तिने धनुकी उचलली. वारा नव्हता, तरी ती जाताना बराच वेळ मला ती गुणगुण ऐकू येत होती. इतर कुणाला येत होती का, मी विचारलं नाही.

गादी नाल्यावर नेऊन जाळली. वंदनाला आधी एका भगताकडे नेलं, मग सासरी. ती नांदली, तिला मुलं झाली, नवरा भला निघाला. पण त्या घरात ती कायम 'लागीर झालेली सून' राहिली. सणावारी तिला देवघरात पुढे बसवत नसत. झोपायची ती जमिनीवर, चटई टाकून. जैतुनबीला त्यानंतर आमच्या बाजूच्या कुठल्याच गावात काम मिळालं नाही. डोणगावही सुटलं. शेगावला तिची भाची होती, तिच्याकडे गेली, एवढं कळलं.

माझी बायको वारली तेव्हा वंदना तेराव्यापर्यंत राहिली. निघायच्या आदल्या दुपारी मी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडणं थांबलं नाही. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "म्हंजे तो बाबा होता?"

मी मान हलवली.

"मी बाबाले भेली, काका. इतके वर्षं." आणि मग, "मले तिच्याकडे घेऊन चाला."

शेगावात स्टेशनच्या मागच्या बाजूला, लॉजच्या रांगेमागे एका पत्र्याच्या खोलीत जैतुनबी होती. लॉजवाल्यांच्या उशा शिवायची. धनुकी कुठे दिसली नाही, आणि मी विचारलं नाही. उशांचा ढीग, त्यात ती. आता पापण्या कापसाशिवायच पांढऱ्या झाल्या होत्या. तिने मला ओळखलं. बस म्हणाली नाही. वंदनाला म्हणाली, "बस माय. तू त्या गादीची पोरगी ना?"

वंदना तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी दारात उभा राहिलो.

"चाची, तुमाले ऐकू आलं होतं काय? पिंजतानी?"

"आलं होतं."

"मंग पिंजला काऊन?"

"तुह्या काकाले इचारलं ना म्या. ते म्हने पाहुन्यायची गादी हाय. म्या म्हनलं असन, पाहुना खोकत असन." ती थोडी हसली. वंदनाही हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

"मी त भेवानं नीट ऐकलंच नाही कधी," वंदना म्हणाली. "कानात बोटं घालून पडू राहो. कसा खोकत होता तो? आठवते काय तुमाले?"

जैतुनबीने सुई उशीत खोचली. शंकरदादाला खोकताना तिने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. तो आजारी होता तेव्हा दसरा यायचा होता आणि तिचा हंगाम सुरूच झाला नव्हता. ती ताठ बसली, डोळे मिटले, आणि खोकली.

आधी एक कोरडा खोकला. मग श्वास अडल्यासारखी थांबली. मग दोन, आतून ओढून काढल्यासारखे. आणि शेवटी घशात एक बारीक हुं, जसं कुणी म्हणावं की काही नाही, बरं आहे, तुम्ही झोपा.

मी चौकट धरली. दादाचाच होता. शेवटच्या दिवसांत प्रत्येक खोकल्यानंतर तो असाच हुं करायचा, शेजारी झोपलेल्या वंदनाची झोप मोडू नये म्हणून.

"बाबा," वंदना म्हणाली. भ्यालेल्या आवाजात नाही. दारावर कुणी ओळखीचं आल्यावर म्हणतो तसं. मग म्हणाली, "चाची, अजून एकडाव."

"नाही माय. माह्या घशात राहून जाईन तो."

जैतुनबी वंदनाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. बाहेर लॉजचा पोऱ्या उशा न्यायला आला, तर त्याला हातानेच नंतर ये म्हणून सांगितलं. मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, गावात सांगतलं काय?"

"नाही. अजून नाही."

"मंग इथं काऊन आले?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. तिने सुई परत हातात घेतली आणि दोरा ओवू लागली. नजर अधू झाली होती, दोरा पुन्हापुन्हा बाजूने जात होता. मी नकळत एक पाऊल आत टाकलं, हात पुढे केला. तिने सुई वंदनाकडे दिली, आणि वंदनाने ओवून देईपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसून राहिली.